पशुवैद्यकीयच्या मुलांना शरीररचना कशी शिकवतात?

सहकारनगरची मंजिरी
नमस्कार मंडळी. माझी लेक यंदा पशुवैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला लागली. माहेरी-सासरी कुणाचाच जनावरांशी संबंध नाही. नीटचे गुण आले, तिनं एमबीबीएसच्या याद्यांकडे न बघता हाच पर्याय भरला, आणि आम्ही तिच्या मागे उभे राहिलो.

दिवाळीला ती घरी आली ती गोणी घेऊन. गोणीत हाडं. म्हशीचा खांदा, मांडीचं हाड, मणके, खालचा जबडा. देवघराशेजारच्या खोलीत ती हाडं मांडून बसते. सासूबाई पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच जुनी चादर अंथरायला काढून दिली.

रात्री एक-एक वाजेपर्यंत तिचं पाठांतर चालतं. हाडावरचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खाच, प्रत्येक भोक, सगळ्यांना लॅटिन नावं. परवा मी सहज म्हटलं, "हे हाड उभ्या गाईत कुठे असतं ते सांग ना." ती जरा गप्प झाली. म्हणाली, "आई, पुस्तकात कुठे आहे ते सांगता येतं. गाईवर हात ठेवून अजून नाही येत."

तेव्हापासून हे डोक्यात आहे. इथे पशुवैद्य आहेत, गोठेवाले आहेत. तुम्हाला हा विषय कसा शिकवला? मेलेलं जनावर खरंच लागतं का? आणि या मुलांना हाडापासून गाईपर्यंत कसं पोचवतात?

चौकस
गोणीभर हाडं वाचूनच बसकण मारली. वाचतोय.

निवृत्त पशुधन
मंजिरीताई, लेकीचं आणि सासूबाईंचं, दोघींचं कौतुक.

मी परळच्या कॉलेजचा, सत्तरच्या दशकातला. आम्हाला आधी फक्त हाडं. तुमची लेक आता त्याच टप्प्यावर आहे, तेव्हा काळजी नको. हाडं पक्की झाली की अख्खं जनावर, बहुतेक वेळा म्हशीचं नर पारडू. मानेतल्या मोठ्या धमनीतून रक्त काढून टाकायचं आणि शरीर सडू नये म्हणून त्याच वाटेनं फॉर्मॅलिनचं पाणी आत सोडायचं, म्हणजे ते अंगभर पोचतं. धमन्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून त्यांत शेंदूर कालवलेली खळ भरायची. हो, मारुतीला लावतात तोच शेंदूर. मग वर लोखंडी दांडी, तिला आकडे, आणि जनावर चार पायांवर उभं टांगायचं.

उभं का, ते सांगतो. माणसाच्या डॉक्टरांना टेबलावर निजलेलं शरीर मिळतं. आपण गाय तपासतो ती गोठ्यात उभी असताना. जनावर आडवं पाडलं की पोटातलं सगळं जागचं हलतं, आणि मुलाच्या डोक्यात एकदा का चुकीचा नकाशा बसला की तो निघता निघत नाही.

आमच्या एका सरांकडे मांजरपाटाची जाड पिशवी होती. दर शनिवारी ते तिच्यात चार-पाच हाडं टाकून आणत. आत हात घालायचा, बघायचं नाही. हाड कुठलं, डावं की उजवं, गाईचं की घोड्याचं, ते बोटांनी सांगायचं. आम्ही वैतागायचो. जर्नल छान, चित्रं छान, तर ही पिशवी कशाला?

ते कळलं नोकरीला लागल्यावर पाचव्या वर्षी. पुरंदर तालुक्यातली एक वस्ती, आषाढातली रात्र, वीज गेलेली. गाय अडलेली. खांद्यापर्यंत हात आत घातला तर दोन पाय लागले, डोकं लागेना. आता हे पाय पुढचे की मागचे? पुढचे असतील तर डोकं मागे वळलंय, ते शोधून सरळ करायला हवं. मागचे असतील तर वासरू उलटं येतंय, तेव्हा वेळ घालवून चालत नाही. डोळ्यांचा काही उपयोग नाही. खुरापासून वर बोटं सरकवत गेलो. पहिला सांधा वाकवून बघितला, मग दुसरा. दोन्ही एकाच बाजूला वाकले तर पाय पुढचा. दुसरा सांधा उलट्या बाजूला वाकला आणि मागे टाचेचं टोक लागलं तर पाय मागचा. मग दोन्ही पाय एकाच वासराचे आहेत ना, हे छातीपर्यंत हात नेऊन बघायचं, कारण जुळं असलं तर एकाचा एक आणि दुसऱ्याचा एक असेही येतात. त्या रात्री पाय पुढचेच होते, डोकं डाव्या कुशीकडे वळलेलं. वासरू जिवंत निघालं. तिथल्या आजीनं माझ्या हातावर गूळ ठेवला तेव्हा मला सरांची पिशवी आठवली.

हिंजवडी फेज २
सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. आता त्रिमिती सॉफ्टवेअर आहेत, टेबलाएवढे टचस्क्रीन आहेत. कातडी काढा, स्नायू काढा, परत लावा, हजार वेळा. वास नाही, फॉर्मॅलिन नाही, एकाही जनावराचं शरीर लागत नाही. यूजीसीनं २०१४ साली प्राणिशास्त्राच्या पदवीतलं विच्छेदन बंद केलं आणि त्यानं प्राणिशास्त्राचं काही अडलं नाही. मग पशुवैद्यकानंच का मागे राहायचं? मी स्वतः शाकाहारी आहे, आणि दरवर्षी पारडं लागतात हे वाचून मला खरंच त्रास झाला.

निवृत्त पशुधन
तुमचा त्रास समजतो. फरक एवढाच की प्राणिशास्त्राच्या पदवीधराला पुढे कुणाचं पोट उघडायचं नसतं.

तिसऱ्या वर्षाची
हिंजवडीदादा, मी सध्या शिकतेय, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

सॉफ्टवेअर आम्ही वापरतो. मेंदूच्या आतल्या पोकळ्या, कवटीतून बाहेर पडणाऱ्या बारा नसा, गर्भ कसा वाढतो, हे पडद्यावर जितकं कळतं तितकं प्रेतात कधीच कळत नाही. प्रेतात नस म्हणजे पांढरा दोरा; तो कुठून आला हे शोधेपर्यंत तास संपतो. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

पण पडद्यावर सगळं स्वच्छ असतं. चरबी नाही, पडदे नाहीत. खऱ्या शरीरात कापण्यापेक्षा वेगळं करणं जास्त असतं. एक थर दुसऱ्यापासून बोटानं सोडवत जायचं, कुठे सहज सुटतो, कुठे चिकटलेला असतो. शस्त्रक्रियेला हेच लागतं, आणि ते बोटांनाच शिकावं लागतं.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली, म्हणून मंजिरीकाकूंच्या लेकीसाठी मुद्दाम लिहिते. आम्ही फाडलं ते लहान पारडू होतं. गाई-म्हशींना चार पोटं. दुधावरच्या पारडाचं पहिलं पोट, म्हणजे कोटीपोट, अगदी लहान असतं आणि चौथं पोट, म्हणजे खरं पोट, सगळ्यांत मोठं. दूध अन्ननलिकेच्या खाचेतून थेट तिकडेच जातं. मी वर्षभर हेच चित्र डोक्यात घेऊन फिरले. मग दुसऱ्या वर्षी मोठी गाय बघितली आणि चक्रावले. तिचं कोटीपोट शंभर-दीडशे लिटरचं, पोटाची सगळी डावी बाजू व्यापलेलं. ते इतकं रेटा देतं की डावं मूत्रपिंड मध्यरेषेच्या पलीकडे, उजवीकडे ढकललं जातं. पुस्तकात हे वाक्य होतं, मी ते पाठ करून लिहिलंही होतं. पण हातानं शिकलेलं पारडाचं होतं, आणि हातानं शिकलेलंच लक्षात राहतं. म्हणून शिक्षकांनी त्याच तासाला सांगायला हवं: हे जनावर लहान आहे, मोठ्यात हे असं नसतं.

फॉर्मॅलिनबद्दलही बोलायला हवं. डोळे चुरचुरतात, डोकं धरतं, जेवण जात नाही. पहिल्या वर्षी आम्हाला कुणी गॉगल घाला असंसुद्धा सांगितलं नव्हतं. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००४ सालीच फॉर्माल्डिहाइड, म्हणजे फॉर्मॅलिनमधलं मुख्य रसायन, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. हवा खेळती हवी, शरीर कामाच्या आधी पाण्यानं धुऊन घ्यायला हवं, मास्क-गॉगल हवेतच. हे लाड नव्हेत.

चौकस
तिसऱ्या वर्षाची, कोटीपोट शब्द फार दिवसांनी ऐकला. बाकीच्या तिघांना काय म्हणतात?

तिसऱ्या वर्षाची
कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. जाळीपोटाचा आतला भाग मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसतो. आणि ते हृदयाच्या अगदी जवळ असतं, मध्ये फक्त श्वासपटलाचा पडदा. गाय चारा निवडून खात नाही, गवताबरोबर तार-खिळा आला तरी गिळते. तो जड असल्यानं जाळीपोटात बसतो, आणि पोट आवळलं की पुढे, हृदयाच्या पिशवीत घुसतो. पुण्याच्या चारी बाजूंना इमारती उभ्या राहतायत आणि सळ्या बांधायची तार सगळीकडे सांडलेली असते. क्लिनिकला अशी एक गाय आली होती. गळ्याखालची पोळी सुजलेली, मानेची शीर दोरखंडासारखी फुगलेली. त्या दिवशी पोट आणि हृदय हे दोन धडे माझ्यासाठी एक झाले.

शब्दवेडा
अवांतर होतंय, पण राहवत नाही. मंजिरीताई, त्या लॅटिन नावांना मुलीनं घाबरू नये. रेटिक्युलम म्हणजे लहान जाळं. म्हणजे जाळीपोट आणि रेटिक्युलम एकच शब्द झाला. पटेला म्हणजे लहानशी ताटली, आणि आपण काय म्हणतो? गुडघ्याची वाटी! रोममधल्या आणि वाईमधल्या माणसाला त्या हाडात भांडंच दिसलं. टिबिया म्हणजे बासरी. कॉक्लिया म्हणजे शंख-गोगलगाय. खुब्याचा खळगा तो ॲसिटॅब्युलम, म्हणजे शिरक्याची वाटी, पुन्हा वाटीच. ज्यांनी ही नावं ठेवली ते घरातल्या वस्तूंशीच ताडून बघत होते. अर्थ विचारून शिकलं की अर्धं पाठांतर गळून पडतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना शिक्षकांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं तर किती बरं होईल.

सहकारनगरची मंजिरी
शब्दवेडा, हे लेकीला वाचून दाखवलं. ती उठून गुडघ्याची वाटी शोधायला लागली, सासूबाईंच्या. त्यांचा गुडघा दुखतो म्हणून त्या नको नको म्हणत होत्या, पण हसत होत्या.

भूलतज्ज्ञ
मी माणसांचा डॉक्टर. आमच्याकडे १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा आहे, त्याखाली बेवारस देह मिळतात, आणि आता देहदानही बरंच होतं. पहिल्या दिवशी मुलांना देहापुढे उभं करून शपथ देतात, नमस्कार करायला लावतात. जनावराच्या शरीरासमोर असं काही होतं का?

दुसरं, आमच्याकडे प्लास्टिनेशनचे नमुने येऊ लागलेत. हायडेलबर्गच्या गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ साली ही पद्धत काढली. ॲसिटोननं शरीरातलं पाणी आणि चरबी काढायची आणि निर्वात टाकीत त्या जागी सिलिकॉन भरायचं. वास नाही, उघड्या हातानं धरता येतं, वर्षानुवर्षं टिकतं. विच्छेदन करता येत नाही, पण एका हृदयावर वीस वर्षांच्या तुकड्या शिकतात. हिंजवडीकरांच्या काळजीला यात थोडं उत्तर आहे.

तुमच्या मुलांबद्दल मला कायम आदर वाटत आलाय. आम्ही एकच प्राणी शिकतो. तुम्ही गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, डुक्कर, कुत्रा, मांजर, कोंबडी.

कोथरूडची श्वानमित्र
भूलतज्ज्ञ, शपथ आमच्याकडे नव्हती. पण आमच्या बाई पहिल्या दिवशी जनावराच्या कपाळाला हात लावायच्या, मग आम्ही सगळे लावायचो. कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे येतात ते कुत्री, मांजरं, पोपट, ससे. शिकताना मलाही वाटायचं, शहरात दवाखाना काढायचाय तर ही म्हैस कशाला? आता तसं वाटत नाही. आम्हाला एक जनावर पूर्ण शिकवतात आणि बाकीची त्याच्याशी ताडून. गाईला छातीचे मणके १३, घोड्याला १८. कंबरेचे गाईला ६, कुत्र्याला ७. मानेचे मात्र गाय, कुत्रा, माणूस, जिराफ, सगळ्यांना ७, आणि कोंबडीला १४. घोड्याला पित्ताशय नाही. गाईला वरचे पुढचे दात नाहीत. हे फरक लक्षात ठेवता ठेवता आपोआप सवय लागते, की नवीन प्राणी समोर आला तर आधी विचारायचं: याच्यात वेगळं काय?

त्या सवयीनं एका पोपटाचा जीव वाचलेला बघितलाय. मालकानं टॉवेलात घट्ट आवळून आणला होता. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. छाती आवळली की नाकतोंड मोकळं असूनही तो गुदमरतो. पहिल्यांदा टॉवेल सोडवला, औषधाचं नंतर बघितलं. कोंबडीच्या त्या कंटाळवाण्या प्रॅक्टिकलचे उपकार.

आणि हिंजवडी, यंत्रांच्या बाजूनं मीही एक सांगते. ब्रिटनमध्ये सारा बेली यांनी ‘हॅप्टिक काऊ’ नावाचं उपकरण केलंय. मूल पोकळ गाईत हात घालतं आणि यंत्र बोटांना गर्भाशय, बीजांडं असल्याचा दाब देतं. गाईच्या गुदद्वारातून हात घालून तपासताना शिक्षकाला मुलाचा हात दिसत नाही, ही आमची जुनी अडचण. इथे शिक्षकाला पडद्यावर दिसतं की बोट कुठे आहे. जिवंत गाईवर पंचवीस मुलांनी आळीपाळीनं शिकण्यापेक्षा आधी तिथे शिकून मग गाईकडे जाणं गाईसाठी केव्हाही चांगलं.

हिंजवडी फेज २
श्वानमित्र, हे माहीत नव्हतं. माझं मत थोडं बदललं. यंत्र आधी आणि गाय नंतर, हा क्रम पटतो.

इतिहासखोर
पुण्याचा उल्लेख राहिला! देशात पशुवैद्यकाचं शिक्षण सुरू झालं ते इथेच, १८६२ साली लष्कराच्या शाळेत. १८८९ मध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीही पुण्यातच निघाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलवली, आणि तीच पुढे आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. आज पुण्याला सर्वांत जवळचं कॉलेज म्हणजे नीरा ओलांडल्यावर लागणारं शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, १९८८ चं.

जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा १७६१ साली क्लोद बुर्जेला यांनी फ्रान्समध्ये लिआँला काढली. बुळकांडीनं गुरं पटापट मरत होती, तो काळ. पण त्या लोकांचं मन घोड्यात, कारण सैन्य घोड्यावर. म्हणून कितीतरी काळ शरीररचना आधी घोड्याची आणि मग बाकीच्यांची, अशी शिकवत. निवृत्तकाकांनी जनावर उभं टांगण्याचं लिहिलंय. अठराव्या शतकात जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकारानं घोड्यांची शरीरं अशीच आकड्यांना टांगून महिनोन् महिने एकेक थर काढत चित्रं काढली होती. तो पशुवैद्य नव्हता. त्याला घोडा नीट काढता यायला हवा होता, इतकंच.

चौकस
घोड्याला पित्ताशय नाही हे कळलं. आणखी एखादं असं सांगा ना कुणीतरी, नातवाला कोडं घालतो.

निवृत्त पशुधन
चौकस, हे घाला: हृदयात हाड कुणाच्या असतं? बैलाच्या आणि गाईच्या. हृदयाच्या झडपांजवळ खरोखरीचं हाड असतं. तोंडी परीक्षेतला हमखास प्रश्न.

चौकस
म्हणजे बैल अगदी हाडाचा प्रेमळ!

गोठेवाला सासवड
मी शिकलेला नाही या विषयात, पण बारा म्हशी आणि चार गाई आहेत म्हणून लिहितो.

आमच्या बापाला हाडांची नावं येत नव्हती, पण बाजारात म्हैस घेताना तो पाठीवरनं एकदा हात फिरवायचा, मागच्या दोन हाडांमधलं अंतर वितीनं मोजायचा आणि सांगायचा, ही सुखानं विणार. कधी चुकल्याचं मला आठवत नाही. नव्या डॉक्टर मुलांना मी बघतो. पुस्तकात हुशार असतात, पण म्हशीजवळ उभं कुठं राहायचं ते कळत नाही. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

एक दुःखाची गोष्ट. चार वर्षांपूर्वी एकानं माझ्या वाळलेल्या पारडीला मागच्या पुठ्ठ्यात सुई दिली. कोण ते सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासनं पाय ओढायला लागली, ती शेवटपर्यंत तशीच. नंतर कळलं की तिथनं मोठी नस जाते. सुई मानेत दिली असती तर पारडी धड राहिली असती. म्हणून ताई, तुमची मुलगी रात्री एकपर्यंत पाठ करते ते वाया नाही. फक्त तिला जनावरापाशी आणा. माझा गोठा आहे, रविवारी कधीही या.

निवृत्त पशुधन
पुठ्ठ्यातली ती सायॅटिक नस. जनावर हाडकुळं असलं की वर मांस राहत नाही आणि सुई थेट तिच्यावर जाते. प्रेतावर ही नस अंगठ्याएवढी जाड दिसते, मुलं बघतात, नाव सांगतात, पुढे जातात. त्याच मिनिटाला ‘इथे सुई द्यायची नाही’ हे सांगणारा शिक्षक हवा. माझं म्हणणं एवढंच आहे: मृत शरीर आणि जिवंत जनावर यांच्यात वर्ष-दोन वर्षांचं अंतर ठेवू नका. सकाळी हॉलमध्ये जे उघडलं, ते दुपारी उभ्या गाईवर हातानं शोधा.

मी निवृत्तीआधी काही वर्षं नवीन मुलांना खेड्यात घेऊन जायचो. बैलपोळ्याच्या आधी बैल धुतलेले असतात, रंगवायचेच असतात. मालकाला विचारून आम्ही गेरू घ्यायचो. शेवटच्या बरगडीपासून मोजत मुलांनी तेरा रेघा ओढायच्या. मग फुप्फुस कुठपर्यंत, ती कड. डाव्या बाजूला भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, कोटीपोटाचा गोल. कोपराच्या आत हृदय. खुब्याची वाटी. बैल रवंथ करत उभा असायचा आणि त्याच्या अंगावर त्याचाच नकाशा. गावातली पोरं जमायची, म्हातारे येऊन चुका काढायचे, "अरे, पोटफुगीला सुई तिथं नाही, थोडी वर!" आणि ते बरोबर असायचे. संध्याकाळी त्या रेघांवरच झूल चढायची.

टॉमीची ताई
वाचता वाचता रडू आलं. आमचा टॉमी १४ वर्षांचा आहे, मूत्रपिंडं थकलीत. तो गेल्यावर त्याचं शरीर अशा मुलांना देता येईल का?

कोथरूडची श्वानमित्र
ताई, टॉमीला माझ्याकडून थोपटा. अमेरिकेत काही कॉलेजांनी पाळीव प्राण्यांच्या देहदानावरच शिकवायचं ठरवलंय. इथे जवळच्या कॉलेजच्या शरीररचना विभागाला आधी फोन करून विचारून ठेवा, त्या दिवशी शोधाशोध नको. शरीर लवकर पोचावं लागतं, आणि रेबीजचा जराही संशय असेल तर चालत नाही. जनावरांचंही असंच: अचानक मेलेलं, नाकातोंडातून काळं रक्त आलेलं जनावर फाशी रोगाचं असू शकतं, ते कुणीही उघडू नये. हवा लागली की त्या जंतूंचे बीजाणू होतात आणि मातीत वर्षानुवर्षं राहतात.

टॉमीच्या आजाराचे कागदही बरोबर द्या. मुलांना नुसतं मूत्रपिंड दिसण्यापेक्षा थकलेलं मूत्रपिंड कसं आक्रसतं ते दिसेल.

सहकारनगरची मंजिरी
उशिरा लिहितेय, माफ करा. रविवारी आम्ही तिघी सासवडला गेलो. सासूबाईसुद्धा आल्या, हट्टानं.

गोठेवाल्या दादांनी आधी अर्धा तास लेकीला म्हशींमधून नुसतं फिरायला लावलं. मग एका म्हशीच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून धरायला सांगितली. ती डोळे मिटून उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, उचलतंय." मीही मूठ ठेवली. आतून काहीतरी मोठं, सावकाश, हात वर ढकलत आलं आणि खाली गेलं. मिनिटभरात पुन्हा. कोटीपोट घुसळत होतं.

मग तिनं शेवटच्या बरगडीपासून मोजायला सुरुवात केली. पहिल्यांदा नऊच सापडल्या. पुढच्या खांद्याखाली जातात हे तिला पाठ होतं, पण हाताला माहीत नव्हतं. खडू होता, गेरू नव्हता. काळ्या म्हशीवर पांढऱ्या रेघा छान उठल्या. सासूबाई खाटेवर बसून मोजत होत्या.

सुट्टी संपली, गोणी घेऊन ती परत गेली. जाताना मांजरपाटाची पिशवी शिवून दिलीय. निवृत्तकाका, मापाचं विचारायचं राहिलं, पण तिचा हात कोपरापर्यंत जाईल एवढी आहे.

निवृत्त पशुधन
माप बरोबर आहे. तोंडाला नाडी घाला, म्हणजे मैत्रिणी डोकावणार नाहीत.

गोठेवाला सासवड
ताई, खडूच्या रेघावाली म्हैस काल रात्री व्याली. रेडी झाली. लेकीला सांगा, पाय आले तेव्हा मी काकांनी लिहिलं तसं बघितलं. दोन्ही सांधे एकाच बाजूला वळत होते. पुढचेच पाय होते, डोकं त्यावर.